ज्याच्या वावरात पडतं

एक ग्रॅम कोळसा जाळायचा आणि त्यानं पाणी किती तापलं ते मोजायचं, ही माझी नोकरी होती. खाणीतून नमुना यायचा. तो फोडून, दळून 212 मायक्रॉनच्या चाळणीतून उतरेल इतका बारीक करायचा. त्यातला एक ग्रॅम मुशीत तोलून घ्यायचा आणि मूस जाड पोलादी भांड्यात ठेवायची. या भांड्याला बॉम्बच म्हणतात. पेटवणीची बारीक तार कोळशाला टेकवायची, झाकण आवळायचं, आत दाबाखाली ऑक्सिजन भरायचा, बॉम्ब पाण्यात सोडायचा आणि बटण दाबायचं. आवाज होत नाही, धूर निघत नाही. पाण्यातल्या थर्मामीटरचा पारा तेवढा चढू लागतो आणि दोनेक अंश चढून थांबतो. त्या दोन अंशांवर कोळशाची प्रत ठरते आणि प्रतीवर दर.

चंद्रपूरच्या एका प्रयोगशाळेत मी निवृत्तीपर्यंत हे काम केलं आणि त्याच काळात विज्ञानकथा लिहिल्या. लोकांना ही दोन वेगळी आयुष्यं वाटतात, मला कधी वाटली नाहीत. पारा चढतो तेव्हा जी उष्णता बाहेर पडते ती 25 कोटी वर्षांपूर्वीच्या उन्हाची असते. कोळशासोबत कधी शेलचा तुकडा यायचा आणि तो फोडला की आत जिभेच्या आकाराच्या पानाचा ठसा निघायचा, मधली शीर आणि तिच्यापासून निघालेलं जाळं स्पष्ट दिसे. ग्लोसोप्टेरिस. हीच पानं दक्षिण ध्रुवाजवळच्या खडकांतही आहेत. रॉबर्ट स्कॉट आणि त्याचे सोबती 1912 मध्ये ध्रुवावरून परतताना बर्फात मेले, तेव्हा त्यांच्या सामानात जे दगड सापडले त्यांत ग्लोसोप्टेरिसचे ठसे होते. माणसं उपासमारीनं मरत होती, पण दगड त्यांनी टाकले नव्हते. आमच्या टेबलावर तसाच एक दगड कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असे. अंटार्क्टिका आणि चंद्रपूर एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होतीच. पण तो दगड हातात घेऊन ती मनात आणली की पुढचा तासभर नमुन्यांच्या वहीत लक्ष लागत नसे. माझ्या पहिल्या कथा अशा तासांतल्या आहेत.

कॉलेजात असताना खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ हाती आलं. पुस्तक 1979 चं. त्याआधी भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न वाचलेला होता, पण तो कितीही आवडला तरी परदेशी साहेबांचा होता. नारळीकरांच्या कथांतली माणसं आपली होती आणि विज्ञान अस्सल होतं. त्यांच्या पहिल्या कथेची हकिगत मराठी वाचकांना ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण माझ्यासारख्याला तिचा फार आधार वाटला. मराठी विज्ञान परिषदेनं 1974 मध्ये विज्ञानकथा स्पर्धा घेतली. फ्रेड हॉईलबरोबर केलेल्या कामामुळे नारळीकरांचं नाव तेव्हा जगभर झालेलं होतं, पद्मभूषण मिळूनही नऊ वर्षं झाली होती. त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केलेली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. एवढ्या मोठ्या माणसाला आपली कथा कथा म्हणूनच तपासून घ्यावीशी वाटली, ही गोष्ट मी वर्षानुवर्षं मनाशी धरून आहे. कोळशाचा नमुना आमच्याकडे येतो तेव्हा त्याच्यावरही खाणीचं नाव नसतं, नुसता सांकेतिक क्रमांक असतो. तपासणारा निकाल देतो तो पाऱ्याकडे बघून.

मे 2025 मध्ये नारळीकर गेले. त्या आठवड्यात मी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ पुन्हा वाचली. इतिहासाच्या प्राध्यापकाला अपघात होतो आणि तो मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या जगात जाऊन पोचतो. पुंजभौतिकीतली कल्पना इतक्या घरगुती मराठीत उतरलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. कथेच्या शेवटाकडे विज्ञानाचं स्पष्टीकरण येतं आणि ते कथेतल्या माणसाची गरज म्हणून येतं, वाचकाला धडा म्हणून येत नाही. हे साधणं किती अवघड आहे ते लिहायला बसल्यावरच कळतं. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांनी ही वाट पुढे रुंद केली. मी त्यांचा वाचक म्हणूनच वाढलो.

पण इथं राहून लिहिताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात येत गेली. विज्ञानकथेत शोध लागतो तो बहुधा प्रयोगशाळेत आणि कथेचा नायक असतो तो शोध लावणारा. आम्ही उभे असतो ते दुसऱ्या टोकाला. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. तिथली वीज मोठाल्या तारांवरून राज्यभर जाते आणि राख इथंच राहते. लोडशेडिंगच्या वर्षांत माझ्या मामांच्या गावी रात्री कंदील लागत आणि गच्चीवर झोपलं की क्षितिजावर त्याच केंद्राच्या दिव्यांचा उजेड दिसे. विजेचा शोध ही त्या गावासाठी फॅरडेची गोष्ट नव्हती. गावाच्या अंगणातून तारा जात होत्या, गावाची गोष्ट ती होती. ती कोणी लिहिलेली मला सापडली नाही, म्हणून मी लिहू लागलो.

मग 2 एप्रिल 2022 आला. त्या दिवशी गुढीपाडवा होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आकाशात तेजाळ रेघा दिसल्या, एकामागून एक, सावकाश सरकणाऱ्या. उल्का अशी सरकत नाही, ती झपकन जाते. महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशातही लोकांनी त्या पाहिल्या. रात्री कळलं की सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ धातूची मोठी कडी पडली आहे. पुढच्या दिवसांत आसपासच्या शिवारांत धातूचे गोळेही सापडले. मला ओळखीच्यांचे फोन सुरू झाले. सगळ्यांचं म्हणणं एकच, तुम्ही लिहिता ते खरंच पडलं.

मी पाहिली तेव्हा कडी सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात आणून ठेवलेली होती. व्यास सुमारे तीन मीटर. एका बाजूनं काठ वाकलेला, ठिकठिकाणी जळल्याचे काळपट पट्टे आणि मधेच कोऱ्या धातूची चकाकी. जोडणीची भोकं इतकी नेमक्या अंतरावर होती की ती पाहूनच कळावं, हे अतिशय काळजीनं बनवलेलं काही आहे. चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा वरचा टप्पा वातावरणात शिरून फुटला असावा असा अंदाज खगोलतज्ज्ञांनी दिला होता. इस्रोचे शास्त्रज्ञही येऊन पाहून गेले. बघायला आलेल्यांत एक बाई होत्या, डोक्यावर पदर, हातात पिशवी. बाजाराला आल्या असाव्यात. त्यांनी मला विचारलं, “हे कोनाचं व्हय जी?”

मी सांगितलं, बहुतेक चीनचं.

“त्याईले मालूम हाये का, इथं पडलं म्हून?”

या प्रश्नाएवढी चांगली विज्ञानकथा मी लिहिलेली नाही. रॉकेट सोडणाऱ्यांच्या पडद्यावर तो टप्पा केव्हाच संपलेला असणार. उपग्रह ठरल्या कक्षेत पोचला, मोहीम यशस्वी झाली. त्यांची गोष्ट जिथं पूर्ण होते तिथून लाडबोरीची सुरू होते. एप्रिल म्हणजे मोहाचे दिवस. बाया पहाटे अंधारात मोहफुलं वेचायला जंगलात जातात, वाघाचं भय असतं तरी जातात, कारण फुलं पहाटेच पडतात आणि उशीर केला तर जनावरं खातात. वरून कडी पडू शकते, हे भय त्यांच्या हिशेबात आजवर नव्हतं.

नंतर मी कायदा शोधून वाचला. अवकाशातली वस्तू जमिनीवर पडून नुकसान झालं तर ती सोडणारं राष्ट्र पूर्णपणे जबाबदार, असं 1972 चा आंतरराष्ट्रीय करार म्हणतो. सोव्हिएत रशियाचा कॉसमॉस 954 हा अणुभट्टी असलेला उपग्रह 1978 मध्ये कॅनडाच्या बर्फाळ ओसाडीत कोसळला, तेव्हा कॅनडानं 60 लाख डॉलर मागितले आणि 30 लाखांवर तडजोड झाली. म्हणजे भरपाई मिळू शकते, पण करारानुसार दावा राष्ट्रानं राष्ट्रावर करायचा असतो. त्यात लाडबोरीच्या बाईला रकाना नाही. मी त्यावर कथा लिहिली. तिच्यात अवकाशकचरा रोजचा झाला आहे आणि तलाठी पंचनाम्याच्या छापील नमुन्यात गारपीट, वीज पडणे, वन्यप्राणी यांच्याखाली चौथी ओळ आली आहे. कथेत शास्त्रज्ञ एकही नाही. ती छापणाऱ्या संपादकांनी विचारलं होतं, यात विज्ञान कुठं आहे? मी म्हटलं, त्या चौथ्या ओळीत आहे. ती ओळ यायला आधी आकाशात किती वस्तू फिरत असाव्या लागतील, कोणत्या कक्षांतून त्या खाली येतील, न जळता काय उरेल, हा सगळा हिशेब मी केला आहे आणि कथेबाहेर ठेवला आहे. संपादकांनी तो मागून घेतला, वाचला आणि कथा जशीच्या तशी छापली. अशा संपादकांचे उपकार विसरता येत नाहीत.

विज्ञानकथेत विज्ञान किती आणि कथा किती, हा वाद मराठीत जुना आहे. माझं मत सांगतो. विज्ञान हाडाइतकं हवं. आत असावं, त्याच्यावर सगळं उभं असावं आणि ते मोडलं तर कथा कोसळावी. ज्या कथेतलं विज्ञान चुकीचं ठरलं तरी कथेला काहीच होत नाही, ती चांगली कथा असू शकते, पण तिला मी विज्ञानकथा म्हणणार नाही. आपल्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं असं सांगणाऱ्या विमानांच्या आणि अस्त्रांच्या गोष्टी तर मला या प्रकाराच्या शत्रू वाटतात. विज्ञानकथा हा पुढचा विचार करण्याचा सराव आहे, आणि सगळं होऊनच गेलं आहे म्हटल्यावर विचार करायला उरतंच काय?

माझे पहिले वाचक प्रयोगशाळेतले सहकारी. ते आकडे धरत. एका कथेत मी राखेचं प्रमाण 15 टक्के लिहिलं होतं, तर आमच्या फिटरनं मधल्या सुट्टीत हाक मारली, “भाऊ, इतका चांगला कोळसा कोणत्या खदानीत भेटते?” इथल्या कोळशात 35-40 टक्के राख निघते हे त्याला झोपेतही माहीत. ती कथा याच राखेवर होती. तिच्यात कोळसा जाळणं जगानं थांबवलं आहे, आणि राखेच्या तलावांत दुर्मिळ मूलद्रव्यं आहेत म्हणून तेच तलाव खणायला यंत्रं येतात. खाणीसाठी एकदा उठवलेलं गाव तोवर राखेच्या कडेला वसलेलं असतं आणि त्याला पुन्हा उठायला सांगतात. राखेत ही मूलद्रव्यं असतात हे खरं आहे, ती काढण्याचे प्रयोगही चालू आहेत. फिटरच्या त्या प्रश्नामुळे राख दुपटीहून जास्त झाली आणि कथेतलं गावही मोठं झालं.

धानोरा तालुक्यातल्या एका गावात कथावाचनाला गेलो होतो त्याची आठवण मात्र वेगळी आहे. शिक्षकांनी मुलांसाठी म्हणून बोलावलं होतं, पण गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक बैठकीच्या घरात, मोठी माणसंही येऊन बसली. हे मेंढा-लेखाच्या बाजूचं गाव. मेंढ्याला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी यांनी तिथं अभ्यासगट चालवले आणि ग्रामसभेत सर्वसहमतीनं निर्णय घेण्याची रीत पक्की केली. मतदान नाही. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलायचा, त्याला समजून घ्यायचं, पुन्हा बसायचं.

मी वाचली ती परग्रहावरच्या पाहुण्यांची कथा. यान जंगलात उतरतं, पाहुण्यांना एका झाडाच्या सालीतलं द्रव्य हवं असतं, दिल्लीहून शास्त्रज्ञ येतात, बोलणी सुरू होतात. वाचून झाल्यावर मुलांनी यानाबद्दल विचारलं. मग मागून एक म्हातारे गृहस्थ उठले आणि शांतपणे म्हणाले, “ते उतरले ते जंगल कोण्या गावाच्या हद्दीत येते?”

मी म्हटलं, समजा याच गावाच्या.

“मग दिल्लीवाल्यासंग कायले बोलून राहिले? ग्रामसभेत या म्हणा.”

कोणी हसलं नाही. तिथं हा प्रश्न कामाचा होता. पुढचा तासभर त्या गोटुलात जी चर्चा झाली तशी मी कुठल्याही साहित्यिक चर्चासत्रात ऐकलेली नाही. साल काढली तर झाड मरते का? किती झाडांची पाहिजे? दर वर्षी येतील का एकदाच? त्यांच्या ग्रहावर त्यांनी आपली झाडं काय केली? हा शेवटचा प्रश्न एका बाईंचा. परग्रहवासीयांना हे विचारावं असं वेल्सपासून आजपर्यंत मी वाचलेल्या कोणत्या लेखकाला सुचलं होतं, मी आठवत राहिलो. अर्सुला ले ग्विननं जंगल ओरबाडायला आलेल्या माणसांवर कादंबरी लिहिली आहे, ती या प्रश्नाच्या जवळ जाते. घरी येऊन मी कथेचा दुसरा अर्धा भाग नव्यानं लिहिला. पाहुणे ग्रामसभेत बसतात. सगळे तयार होतात, एक बाई होत नाही. सर्वसहमतीशिवाय निर्णय नाही, म्हणून प्रकाशवर्षं ओलांडून आलेले पाहुणे मोह, तेंदू, पाऊस, रोवणा असं एक वर्ष थांबतात, आणि त्या वर्षात त्यांना काय काय दिसतं तीच कथा होते.

मे महिन्यात मी पहाटे चारला लिहायला बसतो, कारण नवानंतर डोकं चालत नाही. इथं पारा 46-47 ला जातो. कूलरला वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी सोडायचं, खिडक्या बंद करून बसायचं. किम स्टॅनली रॉबिन्सनची 2020 ची कादंबरी ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’ मी अशाच एका मे महिन्यात वाचली. ती सुरू होते उत्तर प्रदेशातल्या एका गावात, उष्णतेच्या लाटेत. वीज जाते, हवेत दमट उकाडा, घाम सुकत नाही, आणि एका रात्रीत माणसं मरतात. वाचता वाचता आमची वीज गेली. मी पुस्तक मिटून अंगणात आलो आणि बराच वेळ आत गेलो नाही.

कोरडं ऊन माणूस घामावर सोसतो. घाम सुकतो, सुकताना अंगाची उष्णता नेतो. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरचा पारा 35 च्या आसपास गेला तर हा मार्गच बंद होतो, मग धडधाकट माणूसही सावलीत बसल्या जागी मरू शकतो. आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर ओला आणि कोरडा असे दोन थर्मामीटर शेजारी लावलेले होते. मे महिन्यात त्यांच्यातलं अंतर खूप असे, म्हणून आम्ही जगत होतो. जूनमध्ये ढग भरून येत आणि पाऊस पडत नसे, त्या दिवसांत दोन्ही पारे एकमेकांजवळ सरकू लागत. मी ते आकडे वहीत लिहून ठेवत असे. मेरी शेलीनं ‘फ्रँकेन्स्टाइन’ सुरू केलं ते 1816 च्या उन्हाळ्यात, आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटून युरोपात ऊन पडेनासं झालं तेव्हा. थंडी-पावसामुळे घरात अडकून पडलेल्या तरुण मुलीनं आधुनिक विज्ञानकथेचा पाया घातला. आता उन्हामुळे घरात अडकलेल्या मुली चंद्रपुरात, ब्रह्मपुरीत, बल्लारपुरात आहेत. त्यांनी लिहायला हवं असं मला फार वाटतं, म्हणून निवृत्तीनंतर मी मुलांच्या लेखन शिबिरांना जातो.

शिबिरात मी सांगतो की तुमच्या भोवती जे आहे ते आधी नीट बघा. वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे. तिथं डायनोसॉरची अश्म झालेली विष्ठा सापडते. तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण मिळाले आणि 2005 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यावर लेख आला. डायनोसॉरच्या काळात गवत होतं, याचा तो पुरावा. पुढच्या अभ्यासात धानाच्या कुळाशी नातं सांगणारी गवतंही निघाली. सिरोंच्याकडे वडधमला ज्युरासिक काळातली हाडं आणि झाडांची दगड झालेली खोडं आहेत. ताडोब्याच्या बफरमधल्या गावांत वाघ ओळखणारे कॅमेरे बसू लागले आहेत, यंत्र वाघ ओळखतं आणि गावात इशारा जातो. 2024 मध्ये ताडोब्यातून ओडिशातल्या सिमलीपालला नेलेली झीनत वाघीण गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन झारखंड ओलांडून बंगालपर्यंत चालत गेली. तिचं रोजचं ठिकाण उपग्रह सांगत होता. आठवडाभराच्या अंतरात कोट्यवधी वर्षं मागे आणि काही वर्षं पुढे बघता यावं, असे जिल्हे देशात फार नसतील.

मागच्या हिवाळ्यातल्या शिबिरात एटापल्ली तालुक्यातल्या एका मुलीनं कथा आणली. अकरावीतली मुलगी, घरी माडिया बोलते, मराठी शाळेत शिकलेली. तिच्या कथेत दोनशे वर्षांनंतरचं जग आहे. लोखंड खणणं बंद झालंय, जुन्या इमारती आणि पूल वितळवून सगळं भागतं. मग सरकार ठरवतं की जे डोंगर खणले ते परत उभारून द्यायचे. जगभरातून गंजकं लोखंड गोळा करून तिच्या गावाकडे पाठवतात. गावाला विचारतात, सांगा, डोंगर कसा होता? जुने फोटो काढतात, उपग्रहाची चित्रं आणतात, उंची आणि उतार सगळं जुळवतात. देवाचं ठाणं कुठं होतं ते चित्रात दिसत नाही. गावातली सगळ्यात म्हातारी बाई म्हणते, माझ्या आजीला तिच्या आजीनं सांगितलं होतं, पण ती वाट सांगायची, जागा नाही सांगायची. चालल्याशिवाय तिला आठवत नसे.

इथवर लिहून ती थांबली होती. पुढे काय ते तिला माहीत होतं, पण एक अडचण होती. डोंगर परत आणायला किती दिवस लागतील ते तिला लिहायचं होतं आणि उगाच आकडा टाकायचा नव्हता. “सर, टरक किती लागतील?” तिनं विचारलं. आम्ही वही उघडली. डोंगर एक किलोमीटर लांब, 300 मीटर रुंद, 100 मीटर उंच धरला. वर निमुळता, म्हणून निम्मा. दीड कोटी घनमीटर. घनमीटरला चार टन धरलं तर सहा कोटी टन. एका ट्रकला 25 टन, म्हणजे 24 लाख खेपा. दिवसरात्र दर पाच मिनिटांनी एक ट्रक आला तरी जवळजवळ 23 वर्षं. तिनं आकडा वहीत लिहिला, थोडा वेळ पाहिला आणि म्हणाली की न्यायलाही एवढीच लागली असतील. मग रस्त्यावरच्या धुळीचं गणित मांडायला तिनं नवं पान उलटलं.